पायऱ्या किती, ते सांगा

फेलिस्मिना सकाळची कॉफी उभ्यानेच पिते. तीन घोट. चौथा नाही.

बेकरीत शिरली की आधी नंबराची चिठ्ठी फाडते, मग सगळ्यांना सुप्रभात म्हणते.

फरसबंदीवरून चालताना तिचा उजवा हात भिंतीला लागलेला असतो. आधार म्हणून नाही. पाऊस पडून गेला की लिस्बनचे दगड साबण होतात, आणि पडणारा माणूस भिंतच शोधतो. ती आधीच हाताशी असलेली बरी, असे ती म्हणते.

बाक दिसला की बसते. दमलेली असो वा नसो.

पायऱ्या चढताना तिचे ओठ हलत असतात. तेव्हा कोणी हाक मारली तर ती डावा हात वर करते, ट्रॅफिक पोलिसासारखा. बोलत नाही. शेवटची पायरी झाली की आकडा लिहिते आणि मग मागे वळून विचारते, काय म्हणत होतात.

आणि कोणी म्हणाले, "हे काय, इथंच आहे," की ती डोळे मिटून घेते. दाढ ठणकल्यासारखे.

या शेवटच्या सवयीपासून सगळे सुरू झाले.

फेलिस्मिना एकतीस वर्षे नदीकाठच्या धक्क्यावर होती, पलीकडे जाणाऱ्या बोटींच्या तिकीट खिडकीत. खिडकी एवढीशी. तिकीट मागणाऱ्यांपेक्षा वाट विचारणारेच जास्त. आणि वाट विचारली की लिस्बनचा माणूस काय करतो, हे लिस्बनच्या माणसाला सांगायला नको. 'माहीत नाही' म्हणणे त्याच्या जिवावर येते. 'लांब आहे' म्हणणे तर त्याहून वाईट. समोरच्याचा हिरमोड करायचा कशाला? म्हणून तो हात लांबवतो, हसतो आणि सांगतो, हे काय, इथंच. किल्ला इथंच. दवाखाना इथंच. विमानतळसुद्धा इथंच. सांगणाऱ्याला पुण्य लागते आणि ऐकणाऱ्याच्या पोटऱ्या भरून येतात.

फेलिस्मिनाही तसेच सांगायची. एक्क्याण्णव सालच्या मे महिन्यापर्यंत.

त्या दिवशी पलीकडच्या काठावरून एक म्हातारी आली होती. काळे कपडे, हातात निळ्या कागदात बांधलेला खोका. तिच्या धर्मकन्येचे अकरा वाजता ग्रासाच्या चर्चमध्ये लग्न होते. ग्रासा म्हणजे टेकडीच्या माथ्यावरची वस्ती. फेलिस्मिना स्वतः तिथेच राहायची. तिने खिडकीतून हात बाहेर काढला, वर दाखवला आणि म्हणाली, इथंच आहे हो आजी, दहा मिनिटं.

संध्याकाळी पाचला म्हातारी परत त्याच खिडकीशी उभी. खोका हातात नव्हता. चर्चच्या दारात ठेवून आली होती. ती पोचली तेव्हा वऱ्हाड निघून गेले होते. ती रागावली नाही. फक्त म्हणाली, "पोरी, दहा मिनिटं नव्हती गं." तिकीट घेतले आणि बोटीत जाऊन बसली.

पुढच्या रविवारी फेलिस्मिनाने नवऱ्याला, आबिलियूला, बरोबर घेतले आणि धक्क्यापासून चर्चपर्यंत चालत गेली. तीनशे सव्वीस पायऱ्या. वाटेत एकही बाक नाही. पस्तीस मिनिटे, आणि तीही पंचेचाळिशीतल्या पायांनी. आबिलियू म्हणाला, म्हातारीचे पाय तुला कुठून मिळणार? म्हणून त्याच्या पुढच्या रविवारी तिने दोन्ही हातांत तीन-तीन किलो बटाटे घेतले आणि पुन्हा चढली. त्रेपन्न मिनिटे. बटाट्यांची सवय सुटली, रविवारची सुटली नाही. आबिलियू गेला, तिची नोकरी संपली, गुडघे बोलू लागले. दर रविवारी फेलिस्मिना शहराची एखादी वाट मोजत, पुन्हा मोजत राहिली.

त्यातून तिचा कागद तयार झाला.

इरियाने तो कागद पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. साहित्याची पदवी घेऊन ग्रासाच्या चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात उभी होती. लिस्बनमध्ये पदवी असलेल्या प्रत्येकाला डॉक्टर म्हणतात, त्यामुळे दुकानात गिऱ्हाईक नसले की मालक तिला 'डॉक्टरीणबाई, जरा झाडू मारा' म्हणायचा. फेलिस्मिना चाळीस प्रती मागायला आली. दोन्ही बाजूंनी टाइप केलेले पान. इरियाने सवयीने वाचायला घेतले आणि एका ठिकाणी अडली. म्हणाली, इथे एक स्वल्पविराम जास्तीचा आहे, काढू का?

"राहू दे," फेलिस्मिना म्हणाली. "तिथे माणसाला श्वास घ्यायचाय."

पानावर असे होते:

'नवे बूट आणू नका. आणलेच असतील तर रबराच्या तळव्याचे. चामड्याचा तळवा आणि आमचा दगड यांचे पटत नाही.

अठ्ठावीस नंबरच्या ट्रामसाठी चौकातल्या रांगेत उभे राहू नका. सकाळी आठच्या आत ती जिथून सुटते त्या दुसऱ्या टोकाला जा, कबरस्तानापाशी. तिथे बसायला जागा मिळते. कबरस्तानाला घाबरू नका. तिथल्यांना कुठेही जायचे नाही.

जेवायला बसलात की न मागता पाव, लोणी, ऑलिव्ह, चीज येईल. ते फुकट नाही. नको असेल तर हात न लावता, परत न्या म्हणा. वेटरला राग येत नाही. एक ऑलिव्ह खाल्ले तरी बशी तुमची.

शौचालय शोधू नका, कॉफी शोधा. काउंटरशी उभे राहून एक कॉफी प्या, मग विचारा. नाही म्हणणारा अजून भेटलेला नाही.

पाकीट मागच्या खिशात ठेवायचे असेल तर घरीच ठेवा.

खालच्या पेठेतून वरच्या पेठेत जायला मेट्रोच्या स्टेशनात शिरा, सरकते जिने घ्या आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडा. तिकीट लागत नाही. कोणी विचारत नाही. आम्ही सगळे तेच करतो.

जुलैत दुपारी तीन वाजता नदीकडून वर चढताना सावली फक्त डाव्या हाताला असते.

बाक दिसला की बसा. पुढचा बाक असेलच असे नाही.

आणि कोणी म्हणाले, हे काय, इथंच आहे, तर त्याचे आभार माना, आणि विचारा: पायऱ्या किती, ते सांगा.'

मागच्या बाजूला बावीस वाटा. प्रत्येकीसमोर पायऱ्यांचा आकडा, बाक, पाण्याचा नळ, सावली आणि दोन वेळा. एक तरुण पायांची, एक 'बटाट्यांची'.

इरियाने चाळीस प्रती काढल्या. मग स्वतःसाठी एक काढली. त्या रात्री तिने तो कागद इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये केला. बटाट्यांची वेळ तशीच ठेवली.

त्यानंतर चार वर्षे फेलिस्मिना ट्रामच्या थांब्यावर घडीच्या खुर्चीत बसून ते कागद वाटत होती. तीनचाकी रिक्षांचे चालक तिच्यावर खार खाऊन असायचे, कारण तिचा कागद वाचून माणसे चालत जायची. त्यांच्यातला एक तिला रोज विचारायचा, बाई, आज किती गिऱ्हाइकं पळवलीत माझी? ती म्हणायची, जे दमतात ते तुझेच रे बाबा, बाविसाव्या वाटेवर तुझा थांबा लिहिलाय. आणि तो खरोखरच लिहिलेला होता.

मग वॉर्ड ऑफिसने चौकात पर्यटकांसाठी माहिती केंद्र उघडायचे ठरवले.

ते काम सांस्कृतिक विभागाच्या डॉक्टर आताईद यांच्याकडे होते. त्यांनीही आयुष्यात कोणाची नाडी पाहिलेली नव्हती. माणूस सभ्य. कपडे कडक इस्त्रीचे. त्यांनी एका कंपनीकडून गुळगुळीत नकाशा करून घेतला होता. त्यात टेकड्या हिरव्या होत्या, नदी निळी होती आणि पायरी एकही नव्हती. एक जूनपासून चौकात आणि थांब्यावर फक्त तोच नकाशा मिळणार होता. बाकीचे छापील कागद वाटायला बंदी. फेलिस्मिनाला तशी लेखी नोटीस आली.

ती इरियाला घेऊन ऑफिसात गेली. खुर्ची मिळाली, कॉफी मिळाली. तिने आपला कागद टेबलावर ठेवला आणि केंद्रात नकाशाच्या शेजारी हाही ठेवा, एवढेच मागितले. डॉक्टर आताईदनी तो दोन्ही बाजूंनी नीट वाचला. मग हसले.

"पर्यटकाला स्वप्न हवं असतं, डोना फेलिस्मिना. तुम्ही त्याला गुडघे दाखवता."

"स्वप्न वर आहे, डॉक्टर. गुडघ्यांशिवाय तिथं पोचायचं कसं?"

ते काही बोलणार तेवढ्यात फोन वाजला. दक्षिणेकडच्या आलेंतेजू प्रांतातल्या एका खेड्यातून भजनी मंडळासारखा म्हाताऱ्यांचा एक ताफा येत्या रविवारी ग्रासाच्या चर्चसमोर बारा वाजता गाणार होता. एकोणीस जण. सगळ्यांत लहान सहासष्टचा. त्या दिवशी शहरात पळण्याची शर्यत, रस्ते एक वाजेपर्यंत बंद. बस नदीकाठीच थांबणार, रिक्षा वर सोडणार नव्हते. तिथून कसे यायचे, हे त्यांचा म्होरक्या विचारत होता.

डॉक्टर आताईद खुर्चीत मागे रेलले आणि अत्यंत गोड आवाजात म्हणाले, "अहो, हे काय, इथंच. नदीपासून दहा मिनिटं."

फेलिस्मिनाने डोळे मिटले. इरियाला वाटले, हिला आता भोवळ येणार. पण तिने डोळे उघडले तेव्हा ती कधी नव्हे इतकी शांत होती. तिने विचारले, त्या एकोणीस जणांना मी आणू का? बाराच्या आत, आणि एकही पायरी न चढता. जमले तर एक तारखेपासून तिचा कागद केंद्राच्या टेबलावर. एक जण जरी एक पायरी चढला, तर ती घरातले सगळे कागद स्वतःच्या हाताने रद्दीत घालेल आणि खुर्ची घडी करून ठेवील.

डॉक्टर आताईद म्हणाले, पायऱ्यांशिवाय वर येणारी वाटच नाही. ते लहानपणापासून इथे राहत होते. मग त्यांनी हात पुढे केला. पैज लागली.

बाहेर आल्यावर इरियाने विचारले, अशी वाट आहे? कागदावर तर नाही. फेलिस्मिना म्हणाली, तेविसावी. तुकड्यातुकड्यांनी चालून झाली आहे, सलग चाललेली नाही. सत्तावीस वर्षांचे रविवार हिने एका न चाललेल्या वाटेवर लावले होते.

रविवारी सव्वादहाला बस नदीकाठी थांबली. एकेक करून म्हातारे उतरले. काळ्या टोप्या, मेंढीच्या कातड्याचे कोट हातावर घेतलेले, गळ्यात लाल रुमाल. दोघांकडे काठ्या. म्होरक्या झेफरिनू एकोणऐंशी वर्षांचा, खुब्याचा सांधा नवा. त्याने वर टेकडीकडे पाहिले, टोपी मागे सारली आणि म्हणाला, हे जर दहा मिनिटं असेल, तर मी अजून लग्नाचा आहे.

फेलिस्मिनाने त्यांना खरे काय ते सांगितले. सव्वा तास लागेल. पायरी एकही नाही. सात ठिकाणी बसायचे, कोणी दमलेले नसले तरी. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिले. सरळ आकडा सांगणारी लिस्बनची बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती.

खालची पेठ सपाट. ती सहज झाली. कापडाच्या जुन्या दुकानांच्या रस्त्यावर एक इमारत आहे, तिच्या पोटातून लिफ्ट वरच्या गल्लीत निघते. फुकट असते. शेजारून जाणाऱ्या निम्म्या लोकांना ती इमारत कचेरी वाटते. लिफ्टमध्ये सात-आठ माणसे मावतात. पहिली सात गेली. दुसरी सात गेली. उरले पाच. त्यांतला एक दारापासून दोन हात लांब उभा राहिला.

हे बर्नार्दिनूकाका. ब्याऐंशी वर्षांचे. आयुष्यभर मेंढ्या वळलेल्या. ते कधी लिफ्टमध्ये बसले नव्हते, आणि आज बसणार नव्हते. शेजारून वर जाणारा जिना त्यांना दिसला होता. गुडघ्याला पट्टा बांधलेला, तरी म्हणाले, मी जिन्याने येतो, सावकाश. तुम्ही व्हा पुढे.

बाकीच्यांनी थट्टा केली. काका, मेंढ्यासुद्धा ट्रकमध्ये चढतात. काका म्हणाले, चढतात, आणि कुठं जातात तेही मला माहीत आहे. झेफरिनूने समजावले, हात धरला. काकांनी हात सोडवून घेतला. अकराला पाच कमी. इरिया जिन्याकडे बघत होती. एक पायरी. एक पाऊल त्या जिन्यावर पडले की संपले.

फेलिस्मिना झेफरिनूजवळ गेली आणि तिने विचारले, तुमच्यात गाणे कोण सुरू करतो? तो म्हणाला, मी. आणि उचलतो कोण? त्याने मान काकांच्या दिशेने हलवली. पन्नास वर्षे उचलतोय.

आलेंतेजूचे गाणे ज्याने ऐकले आहे त्याला हे ठाऊक असते. एकजण एकट्याने पहिली ओळ म्हणतो. मग दुसरा, वरच्या सुरात, एकटाच ती उचलतो. मग सगळे. दुसऱ्याने उचलले नाही तर पहिला एकटा पडतो, आणि गाण्यात माणसाला एकटे पाडणे ही त्या गावांत मोठी नामुष्की.

"मग आत जाऊन सुरू करा," फेलिस्मिना म्हणाली.

झेफरिनू तिघांना घेऊन आत गेला, टोपी काढली आणि त्या पत्र्याच्या खोलीत गायला लागला. संथ. खालच्या आवाजात. ओळ गव्हाच्या शेताबद्दल होती. ती संपली. शांतता झाली. लिफ्टचे दार मिटायला लागले आणि फेलिस्मिनाने मध्ये पाय घातला.

बर्नार्दिनूकाका जिन्याकडे पाहत होते. झेफरिनू त्यांच्याकडे पाहत नव्हता. तो समोर पाहत होता, ओळीच्या टोकाशी उभा राहिल्यासारखा. तीन सेकंद. चार. मग काकांनी तोंड उघडले, सूर लावला, आणि सूर तुटू नये म्हणून चालत आत गेले. फेलिस्मिनाने इरियाला आत घेतले आणि पाय काढून घेतला.

वरच्या गल्लीत चौदा जण वाट पाहत होते. त्यांनी आधी गाणे ऐकले. भिंतीतून, खालून वर येणारे. लिफ्ट उघडायच्या आतच त्यांनी तिसरी ओळ धरली होती.

इरियाने त्या दिवशी बरेच काही पाहिले, पण आजही विचारले तर ती हेच सांगते. लिफ्टचे दार उघडले, काका बाहेर आले, डोळे मिटलेले, आणि गाणे चालूच होते.

पुढची लिफ्ट जुन्या मंडईच्या इमारतीत, सुपरमार्केटच्या कडेने. काका पहिल्या खेपेत चढले आणि मागे राहिलेल्यांना, घाबरू नका रे, असे सांगून गेले. तिथून रस्ता किल्ल्याच्या भिंतीखालून टेकडीला वळसा घालतो. चढ आहे, पायरी नाही. म्हाताऱ्यांनी आपले कातड्याचे कोट चढवले, चार-चारांच्या ओळी केल्या, हातात हात अडकवले आणि आपल्या गावात चालतात तसे गात चालायला लागले. एक पाऊल, झोका, एक पाऊल. ती चाल इतकी सावकाश की लहान मूल कंटाळेल. पण ती चाल थांबत नाही आणि तिला धाप लागत नाही. फेलिस्मिनाने घड्याळ पाहिले, मग त्यांचे पाय पाहिले आणि पुटपुटली, बटाट्यांचा वेग.

खिडक्या उघडल्या. वाळत घातलेल्या चादरी बाजूला झाल्या. एका बाल्कनीतून एक बाई ओरडली, कोणाचं लग्न आहे? झेफरिनूने गाणे न थांबवता टोपी हलवली. पर्यटक मोबाईल वर धरून मागे मागे यायला लागले. कोणीतरी त्यांच्यातल्याच एकाला विचारले, हे कुठे चालले आहेत? त्याला माहीत नव्हते. तोही चालत होता.

सातही बाकांवर ते बसले. शेवटचा चढ सगळ्यांत उभा होता. तिथे गाणे बंद झाले, फक्त पावले वाजली. मग वळण आले, झाडे आली, चर्चची पांढरी भिंत आली. अकरा अठ्ठेचाळीस.

डॉक्टर आताईद चौकात उभे होते. शंभरेक माणसे खुर्च्यांवर होती. आणि त्यांच्यासमोर, नदीकडे पाठ करून, एक लाकडी व्यासपीठ होते. लाल कापड घातलेले. त्याला चार पायऱ्या.

डॉक्टर आताईद त्या पायऱ्यांकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत होते, त्यांनाही हे आत्ताच दिसले होते. मग ते हळूच म्हणाले, "चार आहेत, डोना फेलिस्मिना."

फेलिस्मिना व्यासपीठाजवळ गेली. तिने पायऱ्या बोटाने मोजल्या. चारच होत्या. ती वळली आणि झेफरिनूला विचारले, तुमच्या गावात तुम्ही कशावर उभे राहून गाता?

"कशावर म्हणजे?" झेफरिनू म्हणाला. "जमिनीवर."

मग तो स्वतःच पुढे गेला. एकोणीस जण त्या लाल कापडाच्या बाजूने, फरसबंदीवरून, थेट पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांसमोर जाऊन उभे राहिले. इतके जवळ की पुढच्या बायकांना पाय आत घ्यावे लागले. बारा वाजले. घंटा थांबेपर्यंत ते थांबले. झेफरिनूने सुरू केले. बर्नार्दिनूकाकांनी उचलले.

ती तीन गाणी इरिया लिहून काढू शकली असती, पण लिहिली नाहीत. तिसऱ्या गाण्याला मागे उभे असलेले रिक्षाचालकसुद्धा टोप्या काढून उभे होते. फेलिस्मिना बाकावर बसली होती. बूट काढलेले. ती लोकांकडे पाहत होती, गाणाऱ्यांकडे नाही. इरियाने कारण विचारले. ती म्हणाली, बघतेय, कोण वेळेवर पोचलंय.

गाणे संपल्यावर डॉक्टर आताईद तिच्यापाशी आले. खाली बसले, तिच्या शेजारी, कडक इस्त्रीचा सूट बाकाच्या धुळीवर टेकून. त्यांनी विचारले, ही वाट माझ्या आईला जमेल का? ती चौऱ्याऐंशीची आहे. सहा वर्षे ती खाली पेठेत उतरलेली नाही. तिचे एक टोप्यांचे दुकान होते आवडते.

फेलिस्मिना म्हणाली, उतरताना पन्नास मिनिटे, येताना सव्वा तास. टोप्यांचे दुकान उघडे आहे, मालकीण बदलली आहे. आईला रबराच्या तळव्याचे बूट घ्या.

एक जूनला केंद्र उघडले. टेबलावर नकाशा होता, शेजारी फेलिस्मिनाचा कागद. दहा दिवसांत कागद संपले, नकाशे उरले. वॉर्ड ऑफिसने दुसऱ्यांदा छापताना तेविसावी वाट घातली, आणि बटाट्यांची वेळ काढू का, असे कंपनीने विचारले तेव्हा डॉक्टर आताईदनी कंपनीला उलट पत्र लिहिले. पत्रात एकच ओळ होती. ती राहू द्या, तिथे माझी आई आहे.

केंद्रात फेलिस्मिनाला एक खुर्ची दिली. हात असलेली, गादीची. ती त्यावर आठवड्यातून तीन दुपारी बसते. परवा एका जर्मन बाईला तिने किल्ल्याची वाट सांगितली आणि शेजारचा रिक्षाचालक, तोच, म्हणाला, हे काय, इथंच आहे. मग स्वतःच जीभ चावली आणि म्हणाला, एकशे बारा पायऱ्या, बाई.

सप्टेंबरात तिने नदीच्या बाजूची पुढची टेकडी घ्यायला सुरुवात केली. बीकाची. तिथे तिने अजून एकही वाट मोजली नव्हती. इरिया वही धरायला गेली. गल्ली अरुंद, जिना उंच, दोन्हीकडे कुंड्या. फेलिस्मिना ओठ हलवत चढत होती, हात भिंतीला. चौऱ्याहत्तराव्या पायरीवर तिने थांबून बोटांनी आकडा दाखवला, इरियाने लिहिला.

तेवढ्यात वरून एक नवरा-बायको उतरत आले. नॉर्वेचे असावेत. नवऱ्याचा चेहरा लालबुंद झालेला. त्याने अगदी हळू आवाजात, शरमून, शौचालय कुठे आहे ते विचारले.

फेलिस्मिनाने डावा हात वर केला नाही. तिने त्याचा चेहरा पाहिला, बायकोच्या बुटांकडे पाहिले आणि म्हणाली, चला, आधी कॉफी घेऊ. एकवीस पायऱ्या खाली, मग डावीकडे. मी येते.

ती त्यांच्याबरोबर उतरली. इरिया चौऱ्याहत्तराव्या पायरीवर वही घेऊन उभी राहिली. अर्ध्या तासाने खाली गेली तेव्हा कॉफीवाला म्हणाला, ते तिघं नदीकडे गेले, बाईंना त्यांना बोटीत बसवायचं होतं.

वहीत त्या पानावर अजून एवढेच आहे: 'बीका, उंच जिना. ७४. बाक:'

बाकासमोर काही नाही. वर किती पायऱ्या उरल्या आहेत, तेही नाही.